रिपोर्ट तुमचा आहे, तो तुम्हीच वाचा

आपल्याकडे 'मला शुगर आहे' म्हणतात तसं 'मला थायरॉइड आहे' असंही म्हणतात. खरं तर थायरॉइड सगळ्यांनाच असतो. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची ती एक ग्रंथी आहे. बिघडतं ते तिचं काम. कुणाची मंदावते, कुणाची जोरात चालते. दोन्ही आजार एकमेकांच्या उलट, औषधं वेगळी, धोके वेगळे. पण आपल्या घरांत दोघांनाही एकच नाव: थायरॉइड. जिथे आजाराचं नावच अर्धवट आहे, तिथे रिपोर्ट पूर्ण कसा वाचला जाणार?

मी नऊ वर्षं रोज सकाळी ही गोळी घेते. पण माझ्या आजाराचं खरं नाव मला तिसऱ्या वर्षी कळलं. तेही जुन्या फाइलीत ॲन्टी-टीपीओ नावाच्या तपासणीचा कागद सापडला म्हणून. माझ्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती माझ्याच ग्रंथीवर हल्ला करत होती. १९१२ साली हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरने या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्याचंच नाव आहे. तोवर डॉक्टर अम्मीशी बोलायचे, अम्मी अब्बूंशी बोलायची आणि माझ्यापर्यंत एकच शब्द यायचा: 'नॉर्मल'. रक्त माझं, रिपोर्ट दुसऱ्यांच्या हातात. मला वाद घालायचा आहे तो या सवयीशी.

आधी वाचायचं कसं ते पाहू, म्हणजे वादाला पाय राहतील.

रिपोर्टवर बहुतेक वेळा तीन आकडे असतात: टी३, टी४ आणि टीएसएच. पहिले दोन ग्रंथीने बनवलेले हार्मोन. टीएसएच मात्र ग्रंथीचं नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. मुलगा गल्लीत खेळतोय आणि अम्मी गॅलरीतून हाक मारतेय, असं समजा. मुलगा ऐकत नाही तसा अम्मीचा आवाज चढत जातो. टीएसएच म्हणजे ही हाक. ग्रंथी सुस्त झाली की हाक मोठी होते, म्हणजे टीएसएच वाढतं. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त धावायला लागली की हाक जवळजवळ थांबते, म्हणजे टीएसएच खाली जातं. म्हणून 'टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉइड वाढला, आता गोळी कमी करा' हे मोहल्ल्यातलं गणित उलटं आहे. पिट्युटरीचा बिघाडासारखे अपवाद सोडले, तर गोळी सुरू असताना टीएसएच वाढलं याचा अर्थ बहुधा एकच: गोळी कमी पडतेय, किंवा पोटात जातेय पण अंगाला लागत नाही.

आता 'नॉर्मल' या शब्दाकडे येऊ. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात जी मर्यादा छापलेली असते, ती निरोगी समजल्या गेलेल्या लोकांचं रक्त तपासून ठरवतात. त्यांच्यातल्या मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे म्हणजे ती मर्यादा. म्हणजे शंभरातली पाच निरोगी माणसंही तिच्या बाहेर पडतात. मर्यादा लॅबनुसार थोडी बदलते, साधारण ०.४ ते ४ किंवा ५ च्या आसपास. तुमचं टीएसएच एकदा ४.८ आलं म्हणून जन्मभराची गोळी ठरत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात, टी४ पाहतात, ॲन्टी-टीपीओ पाहतात. थोडंसं वाढलेलं टीएसएच अनेकदा आपोआप खालीही येतं.

पण ज्यांची गोळी आधीच सुरू आहे, त्यांच्यासाठी 'नॉर्मल'चा अर्थ वेगळा आहे. गोळी चालू असताना आलेलं नॉर्मल हे गोळीने आणलेलं नॉर्मल आहे. हे न कळल्यामुळे आपल्याकडे किती बायकांच्या गोळ्या बंद झाल्या असतील! 'रिपोर्ट चांगला आला, आता कशाला केमिकल खातेस?' असं सासू म्हणते, शेजारीण म्हणते, कधी नवराही म्हणतो. गोळी बंद होते आणि पहिले काही दिवस काहीच होत नाही. कारण लेव्होथायरॉक्सिन रक्तातून अर्धं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात. त्या शिल्लकीवर शरीर चालत राहतं आणि घर म्हणतं, 'बघ, काही झालं का?' महिन्या-दीड महिन्यात अंग जड होतं, केस गळतात, पाळी बिघडते, डोकं चालेनासं होतं. तेव्हा कुणालाच ती बंद केलेली गोळी आठवत नाही. मग नजर लागलेली असते. मग दम केलेलं पाणी येतं आणि 'थायरॉइड मुळापासून उखडणारी' पावडर येते. दुआ कराच, त्याला कुणाची ना नाही. पण दुआ गोळीसोबतही करता येते. पावडरवाला मात्र पहिली अट घालतो ती गोळी बंद करण्याची. तिथेच त्याला ओळखा.

तपासणीची वेळही महत्त्वाची आहे. डोस बदलल्यावर टीएसएचला नवी पातळी गाठायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत केलेली तपासणी पैसे घेते आणि गोंधळ देते. शक्यतो एकच लॅब ठेवा, सकाळची एकच वेळ ठेवा, कारण टीएसएच दिवसभरात वर-खाली होतं. आणि स्वतःशी खोटं बोलू नका. महिनाभर गोळ्या चुकवून तपासणीआधी चार दिवस नेमाने घेतल्या, तर टी४ चांगला दिसेल आणि टीएसएच तरीही वाढलेलं असेल. टी४ अलीकडच्या दिवसांचा हिशोब सांगतो, टीएसएच गेल्या कित्येक आठवड्यांचा. डॉक्टरला हे न सांगितल्यास तो डोस वाढवेल, आणि तो तुम्हाला नको तेवढा होईल. जास्तीचा डोस 'ताकदीचा' नसतो. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं झिजतात.

तरुण मुलींना एक गोष्ट खास सांगायची आहे. केस गळतात म्हणून ज्या गोळ्या तुम्ही ऑनलाइन मागवता, त्यांत बायोटिन असतं. जास्त मात्रेतलं बायोटिन अनेक लॅबच्या तपासणीत गडबड करतं. टीएसएच खोटंच कमी आणि टी४ खोटाच जास्त दिसू शकतो. म्हणजे सुस्त ग्रंथीच्या मुलीचा रिपोर्ट जोरात धावणाऱ्या ग्रंथीसारखा येतो. तपासणीआधी निदान दोन दिवस, मात्रा जास्त असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते थांबवा आणि लॅबला सांगा.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो: 'हे सगळं डॉक्टरचं काम आहे, पेशंटने रिपोर्ट वाचायला लागलं तर घोटाळे होतात.' आक्षेप पूर्ण खोटा नाही. रील्स पाहून स्वतःचा डोस वाढवणारे आहेत, दर महिन्याला भलंमोठं पॅकेज तपासून घेणारे आहेत. पण वाचणं म्हणजे स्वतःच डॉक्टर होणं नव्हे. वाचणं म्हणजे नीट प्रश्न विचारता येणं. ज्या दवाखान्यात बाहेर चाळीस नंबर लागलेले असतात, तिथे डॉक्टरकडे तुमच्यासाठी दोन-तीन मिनिटं असतात. 'टीएसएच ठीक आहे, टेन्शन घेऊ नका' एवढ्यात ती संपतात. मी एकदा म्हटलं, 'पण सर, जिना चढताना दम लागतो.' उत्तर आलं, 'वजन कमी करा.' पुढच्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरने हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं. ते आठ होतं.

थकवा खरा असतो आणि टीएसएचही खरंच नॉर्मल असू शकतं. दोन्ही एकाच वेळी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मंदावलेल्या थायरॉइडमुळे पाळीत रक्तस्राव जास्त होऊ शकतो, त्यातून रक्तक्षय होतो. मग लोहाची गोळी सुरू होते, ती थायरॉइडच्या गोळीसोबतच घेतली जाते आणि तिचं शोषण अडवते. लोह आणि कॅल्शियम यांच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर हवं. हे गोळीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापायला हवं होतं. म्हणून 'नॉर्मल' ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारा: मग हा थकवा कशाचा? हिमोग्लोबिन, बी-१२, साखर, झोप, मनाची उदासी, यांतलं काय पाहिलं? आणि सगळं पाहूनही काहींचा थकवा उरतो, हे वैद्यकशास्त्रही मान्य करतं. त्यांना 'नखरे' म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

आता त्या गोष्टीकडे, जी आपण बंद दाराआड बोलतो. रिश्ता येतो तेव्हा घरात पहिली सूचना मुलीला मिळते: 'गोळीचं बोलू नको, लोगां क्या बोलेंगे.' कारण कुणीतरी पसरवून ठेवलंय की थायरॉइडवाल्या मुलीला मूल होत नाही. हे चूक आहे. उपचार नीट सुरू असलेल्या बहुतेक स्त्रियांना मूल होण्यात थायरॉइडची आडकाठी राहत नाही. धोका आहे तो लपवण्यात. सासरी गेलेली मुलगी गोळ्या कपड्यांच्या घडीत ठेवते, कुणी पाहील म्हणून चुकवते, हळूहळू बंद करते. आणि त्यातच दिवस जातात. पहिले साधारण तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर चालते. म्हणूनच गरोदरपणात बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो आणि तपासणीही लवकर लवकर करावी लागते. ज्या दिवसांत गोळी वाढायला हवी, त्या दिवसांत ती लपवाछपवीत बंद पडलेली असते. इज्जत वाचवण्याच्या नावाखाली आपण एका जन्माला न आलेल्या बाळाचा मेंदू पणाला लावतो. याला मी साधी चूक म्हणणार नाही.

'खरं सांगितलं तर रिश्ते मोडतील', असं अम्मी म्हणेल. हो, काही मोडतील. रोजच्या एका गोळीवर जे घर मागे फिरतं, ते पुढे बाळंतपणात, आजारपणात काय उभं राहणार होतं? सगळ्या मोहल्ल्याला सांगा असं मी म्हणत नाही. कुणाला सांगायचं ते मुलीने ठरवावं. पण ज्याच्यासोबत संसार करायचा त्याला निकाहाआधी कळलंच पाहिजे. आणि हाच प्रश्न मुलालाही विचारला पाहिजे. थायरॉइडचे आजार स्त्रियांमध्ये कितीतरी जास्त असले तरी पुरुष त्यातून सुटलेले नाहीत. त्यांचा रिपोर्ट मात्र कुणी मागत नाही.

रमजानबद्दलही स्पष्ट बोलू. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत दिली आहे, हे आपल्याला मदरशातच शिकवलं जातं. पण थायरॉइड मंदावलेल्या बहुतेकांना रोजा सोडण्याची गरजच पडत नाही, आणि गोळी सोडण्याची गरज तर मुळीच नाही. सहरीच्या अर्धा ते एक तास आधी उठून पाण्यासोबत घ्या, किंवा रात्री शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी झोपताना घ्या. चहासोबत नको. डॉक्टरशी हे शाबानमध्येच ठरवा. ज्यांची ग्रंथी जोरात चालते आणि अजून आटोक्यात नाही, किंवा ज्यांना सोबत मधुमेह आणि हृदयविकार आहे, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय रोजा ठरवू नये. आणि कुणी रोजा नाही ठेवला तर त्याचं ताट मोजत बसू नका.

शेवटी आपल्याच संघटनांना दोन शब्द. आपण मोफत तपासणी शिबिरं भरवतो, बॅनर लावतो, फोटो टाकतो. चौथ्या दिवशी लोकांच्या हातात इंग्रजी कागद येतो. मराठी किंवा उर्दू शाळेत शिकलेली खाला तो कपाटात ठेवून देते. रक्त घेतलं, पण समज दिली नाही, तर ते शिबिर कुणासाठी होतं? रिपोर्ट वाटायच्या दिवशी डॉक्टरसोबत दोन मुलं-मुली बसवा, जी प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगतील: हा आकडा म्हणजे काय, पुढे कुठे जायचं, पुन्हा कधी तपासायचं. रमजानच्या आधीच्या जुम्म्याला इमामसाहेबांना गोळ्यांच्या वेळांवर पाच मिनिटं बोलायची विनंती करा. याला फंड लागत नाही.

आणि तुम्हाला, जे हे मोबाइलवर वाचताय. घरात इंग्रजी वाचता येणारे बहुधा तुम्हीच आहात. आज रात्री अम्मीची फाइल काढा. एका वहीत पाच रकाने आखा: तारीख, टीएसएच, टी४, डोस, त्या महिन्यात चुकलेल्या गोळ्या. जुने सगळे रिपोर्ट त्यात उतरवा. एक आकडा फार काही सांगत नाही. पाच आकडे ओळीने मांडले की दिशा दिसते. पुढच्या वेळी ती वही घेऊन अम्मीसोबत दवाखान्यात जा. पण आत गेल्यावर तुम्ही बोलू नका. अम्मीला बोलू द्या.