'निखळ चालक' नावाची पोथी

वेगवान मोटारींविषयीच्या लिखाणात एक तक्रार अलीकडे मंत्रासारखी पुटपुटली जाते : संगणकाने चालकाचे कसब मारले. या सुराची आम्हांला सवय आहे. वृत्ते गेली आणि कविता बुडाली, असे म्हणणाऱ्यांच्या सहवासात आमची वीस वर्षे गेली.

या पंथाचे दैवत आयर्टन सेना आणि तीर्थक्षेत्र इंग्लंडमधील डॉनिंग्टन. ११ एप्रिल १९९३ रोजी तेथील ओल्या ट्रॅकवर सेनाने पहिल्याच फेरीत पाचव्या क्रमांकावरून पहिला क्रमांक गाठला. पोथीत एक तपशील मात्र गाळलेला असतो. त्याच्या मॅक्लारेनमध्येही चाकांची निसरड आवरणारे 'ट्रॅक्शन कंट्रोल' होते, संगणकाच्या हुकमतीतले सस्पेन्शन होते. प्रॉस्टच्या विल्यम्समध्ये हीच सामग्री अधिक सरस होती. तो तिसरा आला, एक अख्खी फेरी मागे. कसब मेले होते, तर हे अंतर पडले कशाने?

१९९४च्या हंगामापासून फॉर्म्युला वनने या साधनांवर बंदी घातली. तिच्याशी आमचे भांडण नाही. खेळात अडचण मुद्दाम निर्माण केलेली असते. चेंडू हाताने उचलून गोलात टाकणे सोपे म्हणून कोणी फुटबॉल तसा खेळत नाही. परंतु खेळाचा हा संकेत सार्वजनिक रस्त्यावर आणून तेथे 'शुद्धता' म्हणून विकणे, ही शुद्ध लबाडी आहे.

'स्टॅबिलिटी कंट्रोल' नेमके करते काय? स्टिअरिंगचा रोख एकीकडे आणि गाडीचे वळणे दुसरीकडे, अशी तफावत दिसताच ते नेमक्या एखाद्या चाकाला ब्रेक लावते. चालकाच्या पायाखाली चारही चाकांसाठी पेडल एकच! जे कसब हिरावले म्हणून टाहो फोडला जातो, ते माणसाच्या पायात कधी नव्हतेच.

पोर्शच्या २००३ सालच्या करेरा जीटीत ही यंत्रणा नव्हती. सहाशेंहून अधिक अश्वशक्ती मात्र होती. रसिकांनी ती उणीव अलंकारासारखी मिरवली. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात अशाच गाडीच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर आणि गाडीचा चालक, दोघेही मृत्युमुखी पडले. तपासात ठपका आला तो अतिवेगावर. टायर नऊ वर्षांचे जुने होते, हेही नोंदले गेले. यंत्रणा असती तर ते वाचले असते, असा आमचा दावा नाही. पण चालक नवशिका नव्हता, शर्यतींत उतरलेला होता. म्हणूनच 'हात तयार असला की यंत्रणा हवी कशाला' हा युक्तिवाद आम्ही साफ नाकारतो.

ट्रॅकवर घसरलेल्या गाडीसाठी खडीचे पट्टे आणि टायरांच्या भिंती असतात. रस्त्यावर त्या जागी शाळेतून परतणारे मूल असते, आणि तुमच्या निखळ अनुभवाला त्याने संमती दिलेली नसते. कसब आजमावायचे असेल त्यांनी ट्रॅकवर जावे आणि यंत्रणा बंद करावी. बहुतेक वेगवान गाड्यांत त्यासाठी बटण दिलेलेच असते.