सीट मोडली, आणि आम्ही ती भंगारात विकली

आमच्या धंद्यात एक जुनी पळवाट आहे. बग सापडत नसला की तिकिटावर 'यूजर एरर' लिहायचं आणि घरी जायचं. मीही लिहिलंय, खोटं कशाला बोलू?

हाच प्रकार घरात पाहिला. मामा-मामी पुण्याहून सोलापूरला येत होते. मोहोळच्या अलीकडे मागून ट्रकने ठोकलं. मामीच्या सीटची पाठ कडकन मागे आडवी झाली आणि मागे बसलेल्या मामेबहिणीचा पाय मोडला. घरात निदान ठरलेलं. 'ट्रकवाला प्यायला असेल', 'नशीब म्हणून वाचले'. महिन्याभरात गाडी भंगारात. सीटबद्दल एकानेही विचारलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी म्हणे इंजिनियर!

अहो, मागून धडक बसली की गाडी पुढे ढकलली जाते आणि आपण सीटच्या पाठीत रुततो. तेव्हा आपल्याला धरून ठेवायचं काम त्या पाठीचं. तीच कोसळली तर पट्टा काय करणार? आणि पोरांना मागे बसवा, असं आपणच सांगतो.

ट्रकवाल्याची चूक नव्हती का? होतीच. पण धडक कोणामुळे झाली हा एक प्रश्न, आणि धडकेत पाय कशामुळे मोडला हा दुसरा. आपण पहिल्याचं उत्तर मिळालं की फाईल बंद करतो. टेक्सासमध्ये २०१२ साली असाच अपघात झाला. पुढची सीट मागे कोसळून एका मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. २०१६ मध्ये ज्युरीने ५५ टक्के जबाबदारी ऑडीवर टाकली. मागून ठोकणारा सुटला नाही, पण कंपनीही सुटली नाही.

'ते अमेरिकेत हो, आपल्याकडे कुठलं?' हे वाक्य मला आता ऐकवत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाच्या जबाबदारीवर अख्खं प्रकरण आहे, आणि ते जुलै २०२० पासून लागू आहे. डिझाइनमधला दोषही त्यात येतो. गाडी ५० लाखांपर्यंतची असेल तर तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे सोलापुरातच. मुदत दोन वर्षं. एप्रिल २०२२ मध्ये क्रेटाच्या एअरबॅग उघडल्या नाहीत त्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ह्युंदाईचं अपील फेटाळलं. धडकेचा वेग आणि बल मोजायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असंही बजावलं.

म्हणजे कायदा आहे, कोर्ट आहे. नाही तो पुरावा, कारण तो आपणच किलोच्या भावाने विकतो.

तेव्हा मंडळी, देव न करो, पण अशी वेळ आलीच तर जखमींची सोय लागल्यावर सीटचे फोटो काढा. विमा कंपनीला लेखी कळवा की तपासणी होईपर्यंत गाडी हलवायची नाही. भंगारवाल्याला फोन सगळ्यात शेवटी.

मामेबहीण आता चालते, थोडी लंगडत. तिचा पाय कशाने मोडला हे सांगू शकणारी एकच वस्तू होती. ती आम्ही विकून टाकली.