गरम म्हणजे ताजं नव्हे



हल्ली मोठ्या दुकानांच्या फ्रीजरमध्ये कुकीजचे गोठवलेले कच्चे गोळे पाकिटातून मिळतात. आणायचे, ट्रेवर मांडायचे, पंधरा-वीस मिनिटांत घरभर वास. मग बशी पुढे करताना आपण म्हणतो, "आत्ताच भाजल्यात, अगदी ताज्या." माझं भांडण या वाक्याशी आहे.

आपल्यात पिठाची मर्यादा दळल्या दिवसापासून मोजतात. पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7. पाणी लागलं की आणखी कमी. उणे 18 अंशांत महिनोन्‌महिने पडलेला गोळा ओव्हनमध्ये घातला, म्हणून ही मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते का? "गोठल्यावर त्यात काही वाढत नाही," असं सांगणाऱ्या भेटतात. वाढ थांबते, मान्य. पण आधीचं जे आहे ते थंडीने नाहीसं होत नाही. आणि फ्रीजर असेल तर मर्यादा वाढवा, असं कोणत्या शास्त्रात वाचलंत?

दुसरं उत्तर हिरव्या ठिपक्याचं. तो सरकारी नियम एकदा वाचाच. त्यात अंडं चालत नाही, पण मध चालतो! मद्य आणि मांसाच्या बरोबरीने ज्याचा त्याग अष्टमूलगुणांत सांगितलाय, तो मध घातलेली कुकीसुद्धा हिरव्या ठिपक्याचीच. तेव्हा पाकीट उलटं करा आणि चष्मा लावून बारीक अक्षरं वाचा.

"मग बेकरीचं तरी कुठे शुद्ध असतं?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. मैदा कधीचा, कोण सांगणार? त्याच ट्रेमध्ये अंड्याचा केक भाजतात का, हे विचारायला आपण लाजतो. काचेमागची नानकटाई मी डोळे झाकून चांगली म्हणणार नाही. पाकिटावर निदान घटक छापलेले असतात. पण बेकरीत आपलं सामान आपल्याला नेता येतं. आपल्या आया दिवाळीआधी डबे घेऊन भट्टीवर जायच्याच की. घरचं तूप, घरी दळलेली पिठीसाखर, काल चक्कीवरून आणलेलं गव्हाचं पीठ, थोडं बेसन, वेलदोडा. नानकटाईत पाण्याचा थेंब नसतो, म्हणून तिला पिठाचीच मर्यादा, आणि पीठ कधी दळलं ते आपल्याला ठाऊक असतं. ट्रे आपले न्यायचे, सकाळची पहिली खेप आपली लावून घ्यायची. मैद्यासारखी पांढरी होत नाही, जरा रवाळ लागते. लागू दे.

नोकरी करणाऱ्या सुनेने भट्टीवर कधी जायचं? वेळ नसेल तर तिने जाऊ नये. पोरांच्या डब्यात पाकिटातली कुकी गेली म्हणून धर्म बुडत नाही, आणि तेवढ्यावरून सुनेला बोलणाऱ्या सासूबाईंनी स्वतः डबा उचलावा. पण घरात ज्या आजींनी, आत्याबाईंनी मर्यादेच्या जेवणाचा नियम घेतलाय, त्या पाकीट वाचायला येत नाहीत. तुमच्या एका शब्दावर घास उचलतात. ती कुकी त्यांच्यापुढे ठेवून "ताज्या आहेत" म्हणणं म्हणजे त्यांचं व्रत त्यांच्या नकळत आपण मोडणं. तिथे सरळ सांगा, "आत्याबाई, या फ्रीजरमधल्या आहेत, तुम्हाला चालायच्या नाहीत." आणि दिवस मावळायच्या आत त्यांना दोन केळी सोलून द्या.