एकाच दगडाचीं दोन शहरें

दूरच्या प्रवासाहून घरीं आलेल्या मनुष्यास मुलें विचारतात, 'काय आणलें?' आणि वडील मंडळी विचारतात, 'काय पाहिलें?' पहिल्या प्रश्नाचें उत्तर पेटींत मावतें. दुसऱ्याचें उत्तर वाचकांच्या घरींहि पोंचवावें, म्हणून या महिन्याचें हें प्रवासाचें टांचण.

मेक्सिको देशाच्या आग्नेयेस युकातान नांवाचें द्वीपकल्प आहे. तेथील मेरिदा हें मुख्य शहर फ्रान्सिस्को दे मोन्तेहो (धाकटा) या स्पॅनिश सरदारानें ६ जानेवारी १५४२ रोजीं स्थापिलें. त्या जागीं पूर्वीं माया लोकांचें त्हो नांवाचें नगर होतें. तेथील भग्न मंदिरें पाहून स्पॅनिश लोकांस आपल्या देशांतील मेरिदेच्या रोमन अवशेषांची आठवण झाली, व तेंच नांव त्यांनीं येथें दिलें. पुढें त्याच मंदिरांचे दगड काढून त्यांनीं आपलीं घरें व देवालयें उभारलीं. मुख्य चौकाच्या पूर्वेस १५६१ ते १५९८ या काळांत बांधलेलें भव्य ख्रिस्तमंदिर आहे. दक्षिणेस मोन्तेहोचा १५४९ सालचा वाडा. वाड्याच्या दर्शनी भिंतीवर सशस्त्र शिपाई कोरले असून त्यांच्या पायांखालीं मस्तकें आहेत. जेत्यानें आपल्या मनांतील गोष्ट इतकी उघडपणें दारावर लिहिलेली मीं अन्यत्र पाहिली नाहीं. शहरांतील रुंद, वृक्षाच्छादित रस्त्यावरील प्रासाद मात्र पुष्कळ अलीकडचे. घायपाताच्या जातीच्या एका वनस्पतीच्या दोरखंडाच्या व्यापारावर ते उठले. आणि त्या मळ्यांवर राबणारे कर्जांत बांधलेले मजूर बहुतेक मायाच होते.

दुसरे दिवशीं सुमारें ८० किलोमीटर दक्षिणेस उश्मालला गेलों. नवव्या-दहाव्या शतकांत भरभराटलेलें हें नगर. येथें जवळपास नदी नाहीं. जमीन चुनखडीची, पाणी खोल. म्हणून पावसाचें पाणी सांठविण्यासाठीं त्या लोकांनीं जमिनींत कुपीच्या आकाराचीं टांकीं खोदलीं होतीं. पाण्याची अशी वाण, म्हणून पर्जन्यदेव चाक याचें वांकड्या, लांब नाकाचें मुख भिंतींभिंतींवर पुन्हां पुन्हां कोरलेलें दिसतें. सुमारें १०० मीटर लांबीच्या एका प्रासादावर घडीव दगडाचे तुकडे एकास एक जुळवून केलेली नक्षी आहे. ती पाहतांना मान अवघडली तरी डोळे खालीं येत नव्हते.

गोल कोपऱ्यांचें सुमारें ३५ मीटर उंच मंदिर हें उश्मालचें शिखर. लोककथा अशी कीं, एका म्हातारीनें अंडें उबविलें, त्यांतून एक बुटका निपजला, आणि राजाशीं लागलेल्या पैजेंत त्यानें हें मंदिर एका रात्रींत उभें केलें. संशोधक म्हणतात कीं तें निरनिराळ्या काळीं पांच वेळां बांधलें गेलें, एकावर एक. मला दोन्ही गोष्टी ऐकण्यासारख्या वाटल्या.

परंतु मनास लागलें तें वेगळेंच. मेरिदेच्या दक्षिणेस मानी नांवाचें गांव आहे. तेथें १२ जुलै १५६२ रोजीं दिएगो दे लांदा या धर्मोपदेशकानें माया ग्रंथांची होळी केली. ज्या लोकांनीं शून्य ओळखून त्यासाठीं शिंपल्याचें चिन्ह योजिलें, त्यांचे आज अवघे चार ग्रंथ ज्ञात आहेत. दैवाची थट्टा अशी कीं, त्याच लांदानें पुढें त्या लोकांची माहिती लिहितांना त्यांच्या कांहीं अक्षरांचीं चिन्हें उतरून ठेविलीं. त्या लेखनाची नक्कल १८६२ सालीं माद्रिदमध्यें सांपडली, आणि १९५२ सालीं युरी क्नोरोझोव या रशियन पंडितानें तिच्याच आधारें लिपीचें कोडें सोडविण्याची वाट दाखविली. जाळणाराच्याच दप्तरांत किल्ली राहिली!

परततांना मोटारींत एक आजी आपल्या नातीशीं माया भाषेंत कांहीं बोलत होती. ही भाषा त्या द्वीपकल्पांत आजहि सात लाखांहून अधिक लोक बोलतात. नात मात्र उत्तरें स्पॅनिशमध्यें देत होती. तें ऐकतांना मला एकदम आमच्या घरचा माळा आठवला.

त्या माळ्यावर आजोबांच्या मोडी कागदांचे दोन रुमाल आहेत. गेल्या पावसाळ्यांत त्यांस वाळवी लागली, तेव्हां घरांत कोणासच मोडी येत नसल्यामुळें ते टाकून द्यावे असें आम्हीं ठरविलें होतें. आणि त्यांत माझें मत सर्वांआधीं पडलें होतें. आमचे घरीं कोणी लांदा आला नव्हता. त्याचें काम आमच्या आळसानेंच केलें असतें.

त्याच रात्रीं थोरल्या बंधूंस कळविलें कीं रुमालांस हात लावूं नये. घरीं आल्यावर वहिनींनीं ते उन्हांत घातले, कागद झटकले, आणि ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांस वाचण्यासाठीं बोलाविलें. सगळीं मुलें भोंवतीं बसलीं. पहिलाच कागद निघाला तो चार भावांत विहिरीच्या पाण्याची पाळी ठरविल्याचा! धाकट्या पुतण्यानें लगेच विचारलें, 'ती विहीर कोठें आहे?' उत्तर कोणासच देतां आलें नाहीं. पुढील रविवारीं आम्ही सर्व ती शोधावयास जाणार आहों.