बुडी मारली म्हणजे शिकलो का?

मालवणला पाण्याखाली जाऊन आलेली मंडळी केनवडला परतून "स्कुबा शिकलो" सांगतात, तेव्हा माझ्यातला मास्तर जागा होतो. अहो, प्रशिक्षकाने धरून नेलेली बुडी म्हणजे सहल, शिक्षण नव्हे! 'पाडी'च्या 'ओपन वॉटर' प्रमाणपत्राला २०० मीटर पोहणे, १० मिनिटे तरंगणे, लेखी परीक्षा आणि ४ बुड्या लागतात; मग १८ मीटरपर्यंत मुभा. १० मीटरवर दाब दुप्पट होतो. तिथून श्वास रोखून वर आलात तर फुप्फुस फाटू शकते. बॉईलचा हा नियम व्हिडिओत दिसत नाही! तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे. नातवंडांनो, हौस असेल तर तीन-चार दिवस काढून रीतसर शिका. विहिरीत पोहणाऱ्या वाशीमच्या पोरांना ते जड नाही.