वैतरणेचे पाणी : किती ते कळले, केव्हा ते सांगा

मोडकसागर भरला की घाटकोपरात आनंद होतो. मलाही होतो, खोटे कशाला बोलू? असल्फ्याच्या टेकडीवरची बाई हंडा घेऊन किती वाजता उठते हे ज्याने पाहिले आहे, तो तलाव भरल्यावर तोंड वाकडे करणार नाही. २०२४ साली ५ जूनपासून मुंबईत दहा टक्के पाणीकपात होती, तलाव तळाला गेले होते. मग पाऊस लागला आणि २५ जुलैला मोडकसागर ओसंडून वाहू लागला. चार दिवसांनी कपात उठली. वर्तमानपत्रांत सांडव्याचे फोटो आले, पेढेच काय ते वाटायचे राहिले.

या दोन तारखांमध्ये पन्नास दिवस आहेत. त्या पन्नास दिवसांत धरणाच्या खालच्या नदीला काय मिळाले, हा प्रश्न शहरात कोणी विचारत नाही. घाटकोपरातले कितीतरी लोक वाडा, शहापूर, मुरबाड, जुन्नर, सातारा इथून आलेले. लावणीला रजा टाकून गावी जाणारी माणसे आपल्यात आहेत. त्यांनी तरी विचारावा, म्हणून हा लेख.

वैतरणा ही एकच नदी, तिच्यावर मुंबईसाठी तीन धरणे. मोडकसागर १९५७ चे, ऊर्ध्व वैतरणा १९७३ चे, मध्य वैतरणा २०१४ चे. तिघांचा मिळून साठा ५,४९,५०२ दशलक्ष लिटर. भातसा, तानसा, विहार, तुळशी धरून मुंबईचा सगळा साठा १४,४७,३६३. म्हणजे आपल्या घरात येणाऱ्या दर पाच हंड्यांतले जवळजवळ दोन वैतरणेचे. मोडकसागरच्या खाली ही नदी वाडा तालुक्यातून पुढे समुद्राकडे जाते. तिच्या काठी माणसे राहतात, भात पिकवतात.

आता पावसाळ्याचा क्रम पाहा. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की मोकळी नदी गढूळ होते, चढते आणि मासे प्रवाहाच्या उलट निघतात. ओढ्यातून ओहोळात, ओहोळातून भाताच्या खाचरात. आपल्याकडे याला वलगण म्हणतात. अंडी घालायला उथळ, वाहते, हवा खेळणारे पाणी लागते म्हणून मासा चढतो. त्याला कॅलेंडर कळत नाही. पाणी गार झाले, गढूळ झाले, ओढ वाढली, की निघायचे, एवढेच त्याला कळते.

धरणाखालच्या नदीला हा पहिला निरोपच नीट मिळत नाही. जूनचा पाऊस वरच्या तिन्ही पोटांत जिरतो. खाली येते ते फक्त खालच्या ओढ्यानाल्यांचे पाणी. नदी चढते, पण अर्धीमुर्धी, दोन दिवस चढून पुन्हा उतरते. मासे निघतात आणि मध्येच अडकतात. मग जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये धरण भरते आणि जे पन्नास दिवसांत थोडे थोडे यायला हवे होते ते एका रात्रीत येते. गोट्यांच्या आडोशाला घातलेली अंडी आणि नखाएवढी पिले त्या लोंढ्यात टिकत नाहीत.

'पोटाला दाणे नाहीत आणि तुम्ही माशांचे काय घेऊन बसलात?' हा प्रश्न आपल्याच बैठकीतून येईल हे मला ठाऊक आहे. मी दापोलीला शेती शिकलो, मत्स्यशास्त्र नव्हे. म्हणून भाताच्या भाषेत सांगतो, कारण माशाचे आणि भाताचे वेळापत्रक या नदीवर एकच आहे.

राब भाजून जूनमध्ये पेरा होतो. रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचे झाले की लावणी. म्हणजे जुलैच्या शेवटी काठावरच्या खाचरात रोप नुकतेच मुळे धरीत असते. नेमका तेव्हाच सांडवा सुरू होतो. मुळे धरलेले रोप दोन दिवस बुडाले तर सावरते. नुकते लावलेले उपटून जाते, नाहीतर गाळाखाली कुजते. दुबार लावणी करायची तर रोप आणायचे कुठून? राब रिकामा झालेला असतो. बी, मजुरी, नांगरट सगळे गेले, आणि पंचनाम्यात लिहिले जाते 'अतिवृष्टी'. पाऊस वरून पडला हे खरेच. पण किती पाणी कोणत्या तासाला खाली सोडायचे हे ढग ठरवीत नाहीत.

दुसऱ्या एका नदीवर, एका धरणाखालच्या गावात, एका शेतकऱ्याने मला सांगितले होते, "भाऊ, पाऊस थांबला म्हणून मी निवांत झोपलो, आणि पूर उघडिपीत आला." त्याचा पंप आणि पाईप गेले. दवंडी दुसऱ्या दिवशी सकाळी पिटली.

पुढे ऑक्टोबर येतो. वाडा कोलम हे उशिरा तयार होणारे भात, त्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दाणा भरताना हस्ताचा पाऊस दगा देऊन गेला तर एका पाण्याने पीक हातात येते. तेव्हा धरण काठोकाठ भरलेले असते आणि नदी उतरलेली. मार्चपर्यंत नदी म्हणजे डोहांची माळ. तिळसे येथे तिळसेश्वराच्या देवळाखालच्या डोहात महासीर मासे आहेत. तिथे कोणी गळ टाकीत नाही, देवाचे मासे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखलेले आहेत. महाशिवरात्रीच्या यात्रेला लोक त्यांना खाऊ टाकतात. हा मासा वाहत्या, स्वच्छ पाण्यातला. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. दहा अंशांच्या पाण्यात लिटरला अकरा मिलिग्रॅमपर्यंत मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. डोह आटला, तापला, त्यात कपडे धुतले, साबण मिसळला, की श्रद्धा मासा वाचवू शकत नाही. आणि डोहाला जी कळा तीच शेजारच्या विहिरीला.

हा प्रश्न जगात पहिल्यांदा आपल्यापुढे आलेला नाही. न्यूयॉर्क शहरही आपल्यासारखेच लांबून, सुमारे दोनशे किलोमीटरवरून, पाणी आणते. डेलावेअर नदीच्या वरच्या अंगाला त्यांनी धरणे बांधली, गावे उठवली. शहर सगळे पाणी नेईल म्हणून खालच्या राज्यांनी भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात नेले. १९५४ च्या हुकूमनाम्यात दोन्ही बाजू लिहिल्या गेल्या. शहराने रोज ८० कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ३,००० दशलक्ष लिटरपर्यंत न्यावे. आणि खाली माँटेग्यू येथे नदीत १,७५० क्युसेक पाणी राहील इतके धरणांतून सोडावे.

त्या नदीत ट्राऊट नावाचा मासा आहे. हा थंड पाण्यातला, पाणी वीस अंशांच्या वर जाऊ लागले की कासावीस होतो. धरणाच्या तळाचे गार पाणी सोडले की तो जगतो, सोडणे बंद केले की उन्हाळ्यात मरतो. गळ टाकणारे लोक घरून निघण्यापूर्वी दोन आकडे बघतात, पाऊस किती झाला आणि धरणातून किती सुटले. ते आकडे त्यांना मिळतात. २०१७ च्या करारात तर उष्णतेची लाट आली तर माशांसाठी जादा गार पाणी सोडण्याची तरतूदही आहे. गंमत अशी, की त्यातला तपकिरी ट्राऊट युरोपातून आणि इंद्रधनुषी ट्राऊट अमेरिकेच्याच पश्चिम भागातून आणून सोडलेला. बाहेरून आणलेल्या माशासाठी तिथे करार होतो. आपला महासीर इथलाच, शिवाय देवाचा!

तिथले सगळे गोड आहे असे नाही. उठवलेल्या शेतकऱ्यांची जखम तिथेही भरलेली नाही. पण पाण्याचा हिशेब कागदावर आहे आणि तो खालच्या माणसाला वाचता येतो.

आपल्याकडे राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये सांगितले, की नद्यांमध्ये टंचाईच्या काळातल्या सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी वाहते ठेवावे. सांगितले खरे, पण नदीच्या काठावरच्या चावडीत फळा लागला नाही, तोवर शेतकऱ्याला त्याचा उपयोग शून्य.

शहर म्हणेल, पाणी आणायचे कुठून? हिशेब करू. सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे सुमारे ३५ क्युसेक पाणी चोवीस तास सोडले तर दिवसाला ८६.४ दशलक्ष लिटर होते. १ डिसेंबर ते ३१ मे, १८२ दिवस सोडले तर सुमारे १५,७२५ दशलक्ष लिटर. वैतरणेवरच्या तीन धरणांच्या साठ्याच्या शंभरातले तीनसुद्धा नाहीत. मुंबईच्या जलवाहिन्यांतून गळतीत आणि चोरीत याच्या कितीतरी पट पाणी जाते. एक घनमीटर पुरेल असा माझा दावा नाही. किती लागेल ते नदी मोजून ठरवावे. पण 'पाणीच नाही' हे उत्तर मात्र मी ऐकून घेणार नाही.

आणि हा हिशेब आताच करायचा, कारण पुढची धरणे येत आहेत. ओगद्याजवळ गारगाई, रोज ४४० दशलक्ष लिटर, बोगद्याने मोडकसागरात. त्यामागे पिंजाळ, ८६५ दशलक्ष लिटर. आज जूनमध्ये वैतरणेला जो काही पहिला पूर मिळतो तो याच मोकळ्या उपनद्यांचा. त्याही अडल्या की वलगण फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरेल. धरण बांधून झाल्यावर पाणी मागणे म्हणजे माल विकून झाल्यावर भाव ठरवणे. त्यात आपण शेतकरी आधीच फार मुरलेले आहोत.

माझे म्हणणे असे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाचा काही भाग साठवण्याआधी खाली जाऊ द्या. जुलैत धरण ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर आले की काठोकाठ भरायची वाट न पाहता दिवसाउजेडी थोडे थोडे सोडायला लागा, आणि किती सोडणार हे आदल्या दिवशी गावात कळवा. पाऊस दगा देईल आणि धरण अपुरे राहील हा धोका यात आहे, मी तो लपवीत नाही. म्हणूनच त्याची वाटणी आधी लिहून ठेवायला हवी. आज तो सगळा धोका खालच्या शेतकऱ्याच्या खाचरात ओतलेला आहे. सोडण्यात चूक होऊन लावणी गेली तर भरपाई पाण्याच्या बिलातून यावी, सरकारी मदतीच्या रांगेतून नव्हे. घाटकोपरचा रहिवासी म्हणून त्या बिलातला माझा वाटा द्यायला मी तयार आहे.

जिल्हा बैठकीत हा ठराव मी मांडणार आहे. त्याला आधार लागेल. ज्यांची शेती वैतरणा, तानसा, भातसा यांच्या काठी आहे त्यांनी गावी फोन करावा आणि मागच्या पाच वर्षांतले आठवेल तेवढे वहीत लिहून आणावे. पाणी कोणत्या तारखेला, दिवसा की रात्री आले, कोणत्या बांधापर्यंत आले, लावणी होऊन किती दिवस झाले होते, दवंडी आधी पिटली की नंतर. घरातल्या म्हाताऱ्यांना एवढेच विचारा, की पूर्वी मासे कोणत्या नक्षत्रात चढायचे आणि आता केव्हा चढतात.