न खपणाऱ्या मालाचा धंदा

अमेरिकेतल्या ओ'रायली ऑटो पार्ट्सचा विषय निघाला की लोक 'सहा हजारांवर दुकानं!' म्हणून थक्क होतात. मला त्या आकड्यापेक्षा त्यामागचं गोदाम जास्त महत्त्वाचं वाटतं.

१९५७ साली मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डमध्ये बाप-लेक एकाच पार्ट्स कंपनीत नोकरीला होते. ७२ वर्षांच्या वडिलांनी निवृत्त व्हावं आणि मुलानं बदलीवर कॅन्सस सिटीला जावं, असा कंपनीचा बेत. दोघांनी नोकरीच सोडली आणि काही सहकाऱ्यांना घेऊन स्वतःचा धंदा थाटला. (७२ व्या वर्षी! असो.) १९९३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. १९९८ मध्ये टेक्सासची हाय-लो आणि २००८ मध्ये पश्चिमेकडची सीएसके या साखळ्या तिनं विकत घेतल्या.

मोठ्यांनी स्वस्तात विकून छोट्यांना खाल्लं, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. ऑइल फिल्टर रोज खपतो हो, पण पंधरा वर्षं जुन्या गाडीचा वॉटर पंप वर्षातून एखाद्या वेळीच. ठेवला तर भांडवल अडकतं, नाही ठेवला तर गिऱ्हाईक जातं. गॅरेजवाल्याकडे गाडी उघडून पडलेली असते, तो कशाला थांबेल? ओ'रायलीनं असा माल गोदामात ठेवला आणि रात्रीतून दुकानांत पोचवायची सोय केली. एकट्या दुकानदाराला हे कुठून जमणार?

आपल्या पुण्यातली नाना पेठ हेच काम गोदामाशिवाय करते. पार्ट नसेल तर 'पाच मिनिटं थांबा' म्हणत पोऱ्या शेजारच्या दुकानात पळतो. अख्खी गल्लीच एक गोदाम!

तालुक्याच्या दुकानदाराला मात्र अशी गल्ली नाही. पार्ट पुण्याहून पार्सलनं येईपर्यंत कुणाचा तरी टेम्पो दोन दिवस उभा, आणि त्या टेम्पोवर घर चालतं. माझं स्पष्ट मत आहे की, अशा पाच-सहा दुकानदारांनी न खपणारा माल आपसांत वाटून घ्यावा. एकानं जुन्या जीपचा ठेवावा, दुसऱ्यानं टेम्पोचा.

आमच्या तालुक्यातल्या एका दुकानदाराला हे सांगितलं, तर म्हणाला, "आणि समोरच्याला माझा स्टॉक कळला की माझं गिऱ्हाईकच पळवायचा तो." त्याचं अगदीच चूक आहे असंही मला म्हणवत नाही.